शनिवारचा बिघाड

कुर्कीलाम्पी, ११ ऑगस्ट

प्रिय एन्सिओ भावोजी,

नाताळच्या कार्डापलीकडे मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता एकदम एवढं जाड पाकीट पाहून कोणी गेलं की काय, असं वाटून घाबरू नका. सगळे आहेत. फक्त माझं नेट जातं.

फोन का केला नाही म्हणाल, तर तुमच्या कानांची हालत मला ठाऊक आहे. तुमच्या भावाला, टाउनोला, मातीत पोचवून आल्यावर कॉफी देताना मी तुम्हाला साखर हवी का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, मंगळवारी निघतो. ईमेल करायची तर माझं खातं मार्युतने उघडून दिलंय आणि पासवर्ड तिच्याकडेही आहे. आईचं टपाल लेक वाचते, असा आताचा जमाना. आणि हे सगळं तिला कळायला नको आहे. म्हणून कागद.

तर ऐका. उन्हाळ्यात गावच्या सोसायटीने घरोघरी नेटची नवी तार आणली. मिडसमरच्या सणाला मार्युत तुर्कूहून आली होती, तिने झोपायच्या खोलीत पलंगामागे ती डबी लावून दिली आणि मला लॅपटॉप शिकवला. टेकडीच्या पोटात मोबाइलला सिग्नल नाही, त्यामुळे फोनसुद्धा त्या डबीवरच चालतो. आठवडाभर सगळं लोण्यासारखं. पण शनिवारी संध्याकाळी सहाला, मार्युत ड्यूटीवर जायच्या आधी मला पडद्यावर भेटायला येते, नेमकं तेव्हाच नेट गायब. रात्री बघावं तर आपोआप हजर.

इकडे मी नुसती नेट गेलं म्हणून बसलेली असते, तिकडे लेक समजते आई पडली. मागच्या हिवाळ्यात मला एकदा अंधारी आली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. मग ती वरच्या शेजाऱ्याला, पेन्टी रौतियाइनेनला, पिटाळते. तो ट्रॅक्टर घेऊन टेकडी उतरतो, मी जिवंत आहे हे बघतो, नाक वर करून स्वयंपाकघरात हुंगतो, कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव खातो आणि काही न बोलता जातो. त्याची चंगळ झाली आहे.

आता मुद्दा. मार्युतने कायानीला म्हाताऱ्यांच्या फ्लॅटांत माझं नाव घातलंय. म्हणाली, "आई, तुला एक डबी सांभाळता येत नाही, मग एवढं घर कसं सांभाळशील?" नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या दिवसापर्यंत हे नीट झालं नाही तर मी तिकडे राहायला जायचं. आणि मी रागाच्या भरात 'बरं' म्हणून बसले. हात दाखवून अवलक्षण.

तुमच्या भावाने हे घर स्वतःच्या हातांनी उभं केलं. मी इथून हलणार नाही. तुम्ही आयुष्यभर रेडिओ, टीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्त केलेत, तर मला सांगा काय करायचं. करणार मात्र मी. दुसऱ्या कोणाचा हात लागला तर मार्युत म्हणेल, बघ, तुला नाहीच जमलं.

तुमची,
सायमी वहिनी

*

राहे, १६ ऑगस्ट

ती. सायमी वहिनींस,

पत्र वाचून बरं वाटलं. दुकान बंद केल्यापासून मला कोणी बिघाड विचारत नाही. लोक आता वस्तू दुरुस्त करत नाहीत, फेकतात.

माझे नियम थोडे आहेत, पण ते मोडायचे नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यात आणि नेट आलं, तर कशामुळे आलं ते कधीच कळणार नाही. पडद्यावर जे लिहून येतं ते जसंच्या तसं उतरवून मला पाठवायचं. "काहीतरी आलं होतं" असं म्हणणारी गिऱ्हाइकं मी दारातून परत पाठवायचो. आणि रागाने सगळी बटणं दाबायची नाहीत. तुम्हाला हे मुद्दाम सांगतोय.

येत्या शनिवारी नेट गेलं की त्या डबीची, म्हणजे राउटरची, पिन भिंतीतून काढा. लगेच परत खुपसू नका. एक कप कॉफी करा, बसून प्या, मग पिन लावा. लॅपटॉपही नुसता झाकण मिटून ठेवू नका, रीतसर बंद करून पुन्हा चालू करा. घरातले निम्मे बिघाड एवढ्याने जातात. बाकीच्यांचं कारण आम्हालाही माहीत नसतं, पण चेहरा माहीत असल्यासारखा ठेवावा लागतो.

राउटरवर छोटे दिवे असतात. नेट जातं तेव्हा त्यांतले कोणते जळतात ते लिहा.

एक शेवटचं, आणि हे मी प्रत्येकाला सांगायचो. यंत्र खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. एक बाई कीबोर्ड घेऊन आल्या होत्या, काहीसुद्धा सांडलं नाही म्हणून शपथा घेत होत्या. मी तो उलटा केला तर टेबलावर मटाराचं सूप आलं. त्यांनी सूप आधी कबूल केलं असतं तर आम्हा दोघांचीही दुपार वाचली असती.

तुमचा,
एन्सिओ

*

कुर्कीलाम्पी, २५ ऑगस्ट

प्रिय भावोजी,

सगळं केलं. पिन काढली, कॉफी केली, बसून प्याले, पिन लावली. लॅपटॉप रीतसर बंद करून चालू केला. पडद्यावर आलं ते असं: "इंटरनेट जोडणी नाही. केबल आणि राउटर तपासा." तपासलं. केबल आहे, राउटर आहे, इंटरनेट नाही. तेवढ्यात पेन्टी आला. रात्री झोपायला गेले तर नेट आलेलं.

दिव्यांचं सांगता येत नाही. डबीला मी लोकरीचं आवरण विणलंय. ते दिवे रात्रभर पोलिसांच्या गाडीसारखे लुकलुकतात, झोप येत नाही. आवरण छान झालंय, टाउनोच्या जुन्या स्वेटरची लोकर आहे.

आणखी एक. बुधवारी पडद्यावर एक लाल चौकट आली आणि आतून भोंगा वाजायला लागला. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा." मी नंबर लिहून घेतला, फोन उचललासुद्धा. मग वाटलं, इतक्या घाईने मदत करायला येणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, हा कोण उपटला? म्हणून फोन ठेवला, लॅपटॉप मिटला आणि तळघरात बटाट्यांच्या पेटीवर नेऊन ठेवला. गुरुवारपर्यंत तिथेच होता. थंड झाला असेल. त्यामुळे काही बिघडलं का?

हे मार्युतला सांगू नका. तुम्हाला कसं लिहू, भावोजी, गेले काही दिवस माझा माझ्यावरचाच भरवसा उडत चालला आहे. खरंच मी काहीतरी चुकीचं दाबते का? काय दाबते ते आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच भीती वाटते.

सायमी

*

राहे, ३० ऑगस्ट

ती. वहिनींस,

आधी लाल चौकट. तो विषाणू नव्हता, चोर होता. ती नुसती एक वेबसाइट असते, यंत्राला काहीही झालेलं नसतं. अशी चौकट आली तर ती बंद करायची, बंद होत नसेल तर लॅपटॉपच बंद करायचा, आणि त्या नंबरवर जन्मात फोन करायचा नाही. बँकेचे आकडे कोणालाच सांगायचे नाहीत, मी मागितले तरी. फोन ठेवलात तिथेच तुमची परीक्षा झाली आणि पास झालात. इथल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक त्या नंबरवर फोन करून बसले, आणि बँकेतून पुष्कळ काही गमावून बसले. तेव्हा भरवसा उडण्याचं कारण मला दिसत नाही. बटाट्यांचा इलाज मात्र माझ्या पुस्तकात नाही.

आता ते स्वेटर उतरवा. राउटरला थंडी वाजत नाही, तो उलट तापतो आणि तापला की चुकतो. कदाचित एवढंच असेल.

दुसरी शंका अशी की शनिवारी संध्याकाळी सगळं गाव एकाच वेळी सिनेमे बघत असेल आणि तुमच्या वाट्याला काही उरत नसेल. पेन्टीला विचारा, त्याचंही जातं का.

एन्सिओ

*

कुर्कीलाम्पी, ८ सप्टेंबर

प्रिय भावोजी,

स्वेटर उतरवला. पेन्टीला विचारलं. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला की त्याचं जात नाही, कधीच गेलेलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझंही जायचं काही कारण नाही, सायमी." एवढं लांब वाक्य तो स्वतःच्या लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

शनिवारी मी पावणेसहालाच पलंगावर डबीसमोर जाऊन बसले. एकही दिवा जळत नव्हता. पार काळी, मेलेली. खोलीतला छताचा दिवा मात्र चालू, फ्रिज चालू, रेडिओवर बातम्या चालू. एकटी डबीच मेली. कधी मेली ते पाहिलं नाही, मी खाली तळघरात होते, बटाटे निवडत. या वर्षी बटाटे चांगले आलेत, फक्त पहिल्या दहिवराने कडेची एक ओळ गेली.

मार्युत रविवारी बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू आवाजात बोलली. म्हणाली की फ्लॅटला बाल्कनी आहे आणि समोर तळं दिसतं. भावोजी, माझ्या दारात तळं आहे. मला दुसऱ्या तळ्याचं काय करायचंय?

सायमी

*

राहे, १३ सप्टेंबर

ती. वहिनींस,

शाबास. ही पहिली खरी बातमी. दिवे विझतात म्हणजे नेटचा काही दोष नाही, सोसायटीचा नाही, लॅपटॉपचा नाही, आणि तुमच्या बोटांचा तर मुळीच नाही. डबीला वीजच मिळत नाही. तुम्ही काहीही दाबत नव्हता. हे वाक्य दोनदा वाचा.

सोबत एक अडॅप्टर पाठवतोय, म्हणजे पिनेचा तो काळा ठोकळा. बाजारातून कोणताही आणून लावू नका, याच्यावरचे आकडे जुन्याशी जुळवून मगच लावा. जुना खराब असेल तर प्रश्न मिटला.

पण माझं मन सांगतंय की तो खराब नाही. खराब अडॅप्टर वार बघून मरत नाही. म्हणून विचारतो: शनिवारी संध्याकाळी घरात असं काय लावता, जे इतर दिवशी लावत नाही? भट्टी, धुण्याचं यंत्र, टाउनोची करवत, काहीही. क्षुल्लक वाटलं तरी लिहा.

एन्सिओ

*

कुर्कीलाम्पी, २९ सप्टेंबर

भावोजी,

अडॅप्टर मिळाला. आकडे जुळवून लावला. दोन शनिवार गेले, फरक नाही.

शनिवारी मी वेगळं काही लावत नाही. कॉफी आणि पाव, ते रोजचंच. तुम्ही पोलिसासारखे प्रश्न विचारायला लागलात, म्हणून उत्तराला उशीर झाला. आणि आम्ही सूप सांडत नाही.

ते मटार आठवून माझं मलाच हसू आलं, तेव्हा राग मानू नका. पलंगामागची ती जागाच करंटी दिसते. डबीच्या आधी तिथे टाउनोचा घड्याळाचा रेडिओ होता. मार्युतने तो काढून कपाटात टाकला. तुमचा भाऊ त्या घड्याळाला किती जपायचा! दर रविवारी सकाळी उठला की चष्मा लावून आधी ते घड्याळ लावायचा, मग चहा-कॉफी. आकडे लुकलुकत असायचे, तो बटण दाबत बसायचा, आणि मी पडल्या पडल्या बघायची. काही माणसं रविवारी चर्चला जातात, आमचे हे घड्याळाला जायचे. सोमवारी नाही, बुधवारी नाही, रविवारीच. मी कधी विचारलं नाही. माणूस असला की त्याच्या खोडी दिसतात, गेला की त्याच खोडी आठवून रडू येतं.

मार्युत सर्व संतांच्या सुट्टीला येतेय. खोकी घेऊन येते म्हणाली.

सायमी

*

राहे, ३ ऑक्टोबर

ती. सायमी वहिनींस,

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं, मग खुर्चीत बसलो आणि इतका हसलो की शेजारीण दार ठोठावायला आली. ते मला ऐकू आलं नाही, तिने नंतर सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वहिनी, ते घड्याळ बिघडलेलं नव्हतं आणि ती टाउनोची खोडीही नव्हती. वीज गेली की असलं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकतं. म्हणजे दर शनिवारी संध्याकाळी तिथली वीज जात होती, आणि टाउनो दर रविवारी ते गुपचूप लावत होता. आजही तिथली वीज शनिवारीच जाते. फक्त आता तिथे घड्याळाऐवजी राउटर आहे.

का जाते ते सांगतो. तुम्ही तळघरात वाफेच्या अंघोळीसाठी विजेचा सौना बसवलात तेव्हा घराचा मेन फ्यूज लहान होता. सौनाची भट्टी आणि सगळ्या खोल्यांचे हीटर एकदम चालले तर तो उडाला असता. म्हणून आपल्याकडे सगळेच करतात तशी सोय केली: भट्टी तापायला लागली की झोपायच्या खोलीचा हीटर आपोआप बंद, भट्टी थांबली की परत चालू. त्यात चूक काही नाही. पण पुढे टाउनोने पलंगामागे एक सॉकेट स्वतःच जोडलं आणि जवळ पडते म्हणून तार त्याच हीटरवरून घेतली. असं करू नये, आणि हे त्याला ठाऊक असणार. मग त्याने ते दुरुस्त का केलं नाही? मला वाटतं मला माहीत आहे. त्याच उन्हाळ्यात तुम्ही त्या खोलीला गुलाबांचा वॉलपेपर लावला होता, खळीची बादली माझ्या हातात होती. सॉकेट बदलायचं तर तो फाडावा लागला असता. त्यापेक्षा त्याने दर रविवारी घड्याळ लावणं पत्करलं.

आता उरलं एकच. भट्टी तापते तेव्हाच तिथली वीज जाते. म्हणजे दर शनिवारी तुमच्या तळघरात सौना तापतो. मी काही विचारत नाही, यंत्राने सांगितलं ते लिहितोय.

उपाय सोपा आहे. पलंगामागचं सॉकेट उघडू नका, स्क्रूला हातसुद्धा लावू नका, ते काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनचं. तुम्ही फक्त चांगली लांब एक्स्टेंशन वायर आणा, स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये लावा, भिंतीच्या कडेने नेऊन राउटर तिच्यावर जोडा. वाटेत पाय अडकेल अशी टाकू नका. एवढं केलंत की मार्युत तुम्हाला शनिवारी भेटेल, आणि तळघराचं कोणाला काही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तोंड उघडणार नाही.

पण मीही तुमच्यापासून एक लपवलंय. मार्युतने मला ऑगस्टमध्येच पत्र लिहिलं होतं. विचारलं होतं, "काका, खरं सांगा, आईचं डोकं नीट चालतंय का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. बिघाड सापडेपर्यंत मत द्यायचं नाही, हाही दुकानाचा नियम.

एन्सिओ

*

कुर्कीलाम्पी, १३ ऑक्टोबर

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र आल्यावर मी आधी टाउनोच्या फोटोशी भांडले. एवढी वर्षं शेजारी झोपला आणि एका शब्दाने बोलला नाही. मग पलंगामागे वाकून त्या गुलाबांवरून हात फिरवला. आता पिवळे पडलेत. फाडले असते तरी मी एवढं काही म्हटलं नसतं. म्हणजे म्हटलं असतं, पण एकदाच.

हो, सूप सांडलं होतं. मागच्या हिवाळ्यात मला अंधारी आली ती सौनाच्या बाहेरच्या खोलीत. थोडा वेळ जमिनीवर होते, मग उठले, पण मार्युतला ते कळलं आणि तिने माझ्याकडून वचन घेतलं की एकटी असताना सौना तापवायचा नाही. मी वचन दिलं आणि पुढच्याच शनिवारी भट्टी लावली. पाच वाजता लावायची, सहाला लेकीशी बोलायचं, मग खाली जायचं, असा माझा बेत. बोलणं कधी झालंच नाही.

मी मुद्दाम तिला फसवत नव्हते, भावोजी. घर बांधायच्या आधी आम्ही तळ्याकाठी जुना सौना बांधला होता आणि भिंती उभ्या राहीपर्यंत त्यातच राहिलो. मार्युत पोटात होती. आमचा संसार त्या बाकावर सुरू झाला. शनिवारी पाण्याचा तांब्या भट्टीवरच्या तापल्या दगडांवर ओतला आणि वाफ आली की टाउनो वरच्या बाकावर आहे असं मला अजून वाटतं. बाकी सहा दिवस तो नसतो. कायानीच्या फ्लॅटात सौना आहे म्हणे, सगळ्यांचा मिळून, पाळीने. टाउनो पाळीने कसा येईल?

तर काम केलं. पेन्टीला तालुक्याच्या गावाहून वायर आणायला सांगितली. त्याने आणून दिली आणि म्हणाला, "बर्चच्या पानांचा वास जिन्यापर्यंत येतो." म्हणजे तो इतके शनिवार माझा पाव नाही, सौनात अंगावर मारायची ती पानांची जुडी हुंगत होता. मार्युतला त्याने कधी सांगितलं नाही. मी त्याच्याबद्दल जे जे लिहिलं ते मागे घेते.

शनिवारी पाचला भट्टी लावली आणि डबीसमोर बसून राहिले. दिवे चालूच. सहाला मार्युत आली, अख्खी, हॉस्पिटलच्या पांढऱ्या कपड्यांत. मला वाटलं होतं मी विजयाने फुगून जाईन. पण ती मला बघून तोंडावर हात धरून बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. आईचं काय झालं असेल म्हणत ती प्रत्येक शनिवारी तशीच ड्यूटीवर जात होती, आणि मी इथे वाफ घेत होते.

मूठ मी झाकून ठेवू शकते. कोणाला काही कळणार नाही. पण आता मला ते नको आहे. मी हे घर सोडणार नाही, सौना सोडणार नाही, आणि लेकीशी खोटंही बोलणार नाही. तिन्ही जमवणार. येत्या शनिवारी तिला सांगते. तुम्ही तिला माझ्या डोक्याबद्दल काय लिहायचं ते खुशाल लिहा, फक्त सौनाचं लिहू नका. ते माझं मी सांगेन.

सायमी

*

राहे, १७ ऑक्टोबर

ती. वहिनींस,

मार्युतला आज उत्तर टाकलं. प्रतही नको, दोनच ओळी आहेत: "तुझ्या आईने अख्ख्या घराचा बिघाड पत्रातून शोधला. डोकं नीट आहे, वायरिंग माझ्या भावाचं होतं."

लॅपटॉप वाफेत नेऊ नका. हे का लिहितोय ते तुम्हाला कळेल, मी तुम्हाला ओळखतो. न्यायचाच झाला तर बाहेरच्या खोलीच्याही बाहेर, कोरड्या स्टुलावर ठेवा आणि दार किलकिलं ठेवा. उद्या धीर धरा.

एन्सिओ

*

कुर्कीलाम्पी, २ नोव्हेंबर

प्रिय एन्सिओ काका,

हे पत्र आईच्या टेबलावर बसून मी लिहितेय, मार्युत. आई म्हणाली तुम्हाला कागदच आवडतो.

अठरा तारखेला आईने मला सगळं सांगितलं. मी फार वाईट बोलले. म्हटलं, "तू वचन मोडलंस, आता खोकी आणते म्हणजे आणते." आणि पडदा बंद केला. मी नर्स आहे काका, पडलेल्या म्हाताऱ्या बायका मी रोज उचलते. कोणाला किती उशिरा आणलं ते मला दिसतं. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही.

पंचवीस तारखेला सहाला तिनेच फोन लावला. पडद्यावर ती नव्हतीच, नुसतं किलकिलं दार दिसत होतं. आतून तिचा आवाज आला की मी आत चालले आहे, तू ऐकत बस, मी अधूनमधून हाक मारेन, बराच वेळ माझी हाक आली नाही तर पेन्टीला फोन कर, तो बूट घालून बसला आहे. मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. मी तुर्कूत पलंगावर बसून ऐकत राहिले. दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. मग, "आहेस का गं?" मी म्हटलं, "आहे." पुन्हा पाणी. पुन्हा, "आहेस का?" प्रत्येक शनिवारी मी ज्या शांततेला घाबरत होते, तिच्यात हे चाललेलं असायचं.

मग ती बाहेर येऊन स्टुलासमोर बसली. केस ओले, गाल लाल, अंगाला वाफ येत होती, कपाळावर बर्चचं एक पान चिकटलेलं. लहानपणी दर शनिवारी मी त्याच चेहऱ्याकडे बघत तिच्या कुशीत झोपायची. तो चेहरा मी किती वर्षांनी पाहिला ते मला आठवेना. मी तिला पान काढायला सांगितलं आणि रडले.

खोकी मी तरीही आणली, सवयीने. आईने ती जॅमच्या बाटल्यांनी आणि बटाट्यांनी भरून दिली आहेत. कायानीला मी फोन करून नाव काढलं. पुढच्या हिवाळ्यात परत विचार करू, असं मी म्हटलं. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. आमचं ठरलंय की दर शनिवारी दार किलकिलं राहील आणि मी ऐकत बसेन. माझी ड्यूटी असेल तेव्हा पेन्टी जिन्यात बसेल, पावाच्या बोलीवर.

काल संध्याकाळी आम्ही दोघी बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आलो आणि दोघी मिळून सौनात बसलो. तिसऱ्यासाठी आईने वरच्या बाकावर जागा सोडली होती.

तुम्ही सांगितलं म्हणून शुक्रवारी इलेक्ट्रिशियन बोलावला होता. त्याने पलंगामागचं सॉकेट तपासलं, एक तार घट्ट केली आणि म्हणाला की आता धोका नाही, पण जोडणी विचित्र आहे, वॉलपेपर थोडा फाडून सरळ करून देऊ का? आईने त्याला कॉफी दिली आणि नको म्हणून सांगितलं. तो गेल्यावर तिने कपाटातून बाबांचा घड्याळाचा रेडिओ काढला, पुसला आणि त्या सॉकेटला लावला.

आज रविवार. मी उठले तेव्हा ती पलंगाच्या कडेला चष्मा लावून बसली होती आणि घड्याळ लावत होती. मी पडल्या पडल्या बघत राहिले. ते झाल्यावर ती कॉफी करायला गेली.

तुमची पुतणी,
मार्युत